बांधकामाच्या ठेक्यातील दावे: इंदूरच्या ठेकेदाराने कोणती तारीख कशी सांभाळावी

इंदूरमधील मराठी ठेकेदाराचे बिल अडकले की पहिला सल्ला बहुधा पुण्याच्या किंवा नाशिकच्या नातेवाइकाकडून येतो. करारात लवादाचे, म्हणजे न्यायालयाऐवजी नेमलेल्या पंचाकडून निवाडा घेण्याचे, कलम आहे का ते पाहा, असेल तर लवाद मागा, नसेल तर दिवाणी दावा लावा, असे तो सांगतो, आणि महाराष्ट्रातील त्याच्या अनुभवाप्रमाणे ते बरोबरही असते. मध्यप्रदेशात मात्र समोरचा पक्ष राज्य शासन किंवा त्याचा उपक्रम असेल, तर १९८३ सालचा मध्यप्रदेश माध्यस्थम् अधिकरण अधिनियम लागू होतो आणि भोपाळच्या अधिकरणाखेरीज दुसरा दरवाजा उरत नाही. हे उशिरा कळल्यामुळे दोन-तीन वर्षे भलत्याच न्यायालयात घालवलेली माणसे मी पाहिली आहेत.

बांधकामाच्या दाव्यांची कागदपत्रे तयार करणे हे माझे काम आहे. बुडालेला म्हणून जो दावा माझ्यासमोर येतो, त्यात काम बहुधा चांगले झालेले असते आणि पैसेही खरोखर येणे असतात. फक्त कुठली तरी एक तारीख निघून गेलेली असते. म्हणून हे मार्गदर्शन मी तारखांच्या क्रमाने लिहीत आहे, कारण दाव्याची तयारी वकिलाच्या कार्यालयात सुरू होत नाही, ती साइटवर अडथळा आला त्या दिवशी सुरू होते.

मागणी, दावा आणि तंटा

हे तीन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो, पण कायद्याच्या दृष्टीने त्या तीन पायऱ्या आहेत. रनिंग बिलात, म्हणजे काम चालू असताना दिलेल्या बिलात, एखादा आयटम दाखवणे ही मागणी झाली. त्या आयटमसाठी करारातील कलम, घटना आणि रक्कम यांची सांगड घालून लेखी हक्क मांडणे हा दावा झाला. तो दावा समोरच्याने नाकारला किंवा ठरलेल्या मुदतीत त्यावर मौन पाळले, म्हणजे तंटा निर्माण झाला. मध्यप्रदेशच्या अधिनियमात तर तंट्याची व्याख्याच अशी आहे की, कामाच्या ठेक्यातून उद्भवलेली, निश्चित केलेल्या रकमेची आणि किमान ५०,००० रुपयांची मागणी असली पाहिजे. ‘आमचे खूप नुकसान झाले, योग्य ती भरपाई मिळावी’ असे पत्र कितीही कळवळून लिहिले तरी त्यात रक्कम नसल्याने ते या व्याख्येत बसत नाही. आपला अंदाज पुढे बदलू शकेल, पण पहिल्या तपशीलवार पत्रात आकडा असलाच पाहिजे.

दावे बहुतेक चार कारणांनी उभे राहतात: जादा किंवा बदललेले काम, मुदतवाढ, उशिरामुळे वाढलेला खर्च, आणि बिलातून केलेली कपात किंवा अकाली रद्द केलेला ठेका. पहिल्या तिघांचा उगम पुष्कळदा एकाच घटनेत असतो.

घटना घडली त्याच आठवड्यातील पत्र

माळव्यातील सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. राऊच्या बाजूला एका इमारतीचे काम आहे. निविदेतील नकाशात पायाची खोली १.८ मीटर दाखवली आहे आणि त्या खोलीवर मुरूम लागेल असे गृहीत धरले आहे. खोदकाम केल्यावर अर्ध्या भागात त्या खोलीवरही काळी माती लागते. ही माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यामुळे तिच्यावर पाया ठेवता येत नाही. साइट इंजिनिअर तोंडी सांगतो, ‘अजून मीटरभर खाली जा, नवा नकाशा येतो आहे.’ ठेकेदार खाली जातो. नवा नकाशा पाच आठवड्यांनी येतो, तोवर मे महिना संपलेला असतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर त्या मातीत ना पोकलेन चालतो ना डंपर.

या प्रसंगात ठेकेदाराचे तीन हक्क आहेत: जादा खोदकाम व भराईचे पैसे, मुदतवाढ, आणि थांबून राहिलेल्या काळाचा खर्च. हे तिन्ही टिकायचे असतील तर मुरूम लागला नाही त्या दिवशी किंवा फार तर त्या आठवड्यात पत्र गेले पाहिजे. किती दिवसांत, हे आपल्या करारात लिहिलेले असते आणि ते कलम काम सुरू होण्यापूर्वीच शोधून त्याच्यावर खूण करून ठेवावी. मोठ्या प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुना कराराच्या १९९९ च्या आवृत्तीत ही मुदत २८ दिवसांची आहे आणि ती चुकली तर हक्कच जातो असे तेथे म्हटले आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम २८ मध्ये १९९७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ठरावीक मुदत संपताच हक्क नष्ट करणारी अट निरर्थक ठरते, आणि सूचना चुकलेले ठेकेदार त्या दुरुस्तीचा आधार घेतात. परंतु सूचनेची अट वेगळी आणि हक्क मिटवणारी अट वेगळी असा युक्तिवाद समोरून होतोच, त्यामुळे त्या तरतुदीच्या भरवशावर सूचना चुकवू नये.

पत्र लांब असण्याची गरज नसते. त्याचा मजकूर साधारण असा असावा:

‘अमुक तारखेला क ते च या ओळींमधील पायाच्या खोदकामात नकाशाप्रमाणे १.८ मीटर खोलीवर मुरूम न लागता काळी माती लागली. आपल्या साइट इंजिनिअरांनी त्याच दिवशी दुपारी जागा पाहिली व अधिक खोल जाण्यास सांगितले. या तोंडी आदेशाची कृपया लेखी पुष्टी करावी आणि सुधारित नकाशा सात दिवसांत द्यावा. नकाशा मिळेपर्यंत पुढील कामे थांबत आहेत. या घटनेमुळे लागणारे जादा काम, मुदतवाढ आणि वाढीव खर्च यांचा हक्क करारातील अमुक कलमाखाली आम्ही राखून ठेवत आहोत. तपशील व रक्कम स्वतंत्रपणे सादर करू.’

इंदूरमध्ये हे पत्र अर्थातच हिंदीत किंवा इंग्रजीत जाईल, पण त्यातील पाच गोष्टी सुटता कामा नयेत: तारीख, जागा, कोणाचा आदेश, काय थांबले, आणि कोणत्या कलमाखाली हक्क राखला. ‘सहकार्याबद्दल आभारी आहोत’ या वाक्याने पत्र संपवण्यास हरकत नाही. अनेकांना वाटते की असे पत्र दिल्याने कार्यपालन यंत्री (कार्यकारी अभियंता) नाराज होतील आणि पुढचे बिल रखडेल. ही भीती खोटी नाही. तरीही सौम्य भाषेत, वस्तुस्थितीपुरते लिहिलेले पत्र क्वचितच कोणाला दुखावते, आणि वर्ष उलटल्यावर त्याच कार्यालयात बसलेला नवा अधिकारी जुन्या तोंडी बोलण्याची कधीच जबाबदारी घेत नाही. तोंडी आदेश मिळाला आणि लेखी पुष्टी येत नसेल, तर आपणच त्या आदेशाची नोंद करणारे पत्र आवक शिक्क्यासह द्यावे किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपावी.

करार कायद्याच्या कलम ५५ चा उपयोग येथेच होतो. मुदत उलटल्यानंतर केलेली पूर्तता एखाद्याने स्वीकारली आणि त्या वेळी भरपाई मागण्याचा इरादा कळवला नाही, तर नंतर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले आहे. जागा देणे, नकाशा देणे ही काम देणाऱ्या विभागाने पार पाडायची कर्तव्ये आहेत. तीन महिने उशिरा मिळालेला ताबा ठेकेदाराने मुकाट्याने घेतला, तर हेच कलम त्याच्याविरुद्ध वापरले जाते. म्हणून उशिरा मिळालेल्या प्रत्येक गोष्टीच्या पोचपावतीवरच ‘उशिराबाबतचे हक्क राखून’ असे तीन शब्द लिहावेत.

माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका ठेकेदाराकडे साइट सांभाळत होतो. नकाशे सहा आठवडे उशिरा आले, आम्ही ते हसतमुखाने घेतले आणि रात्रपाळी लावून वेळ भरून काढण्याचा प्रयत्न केला. शेवटी काम देणाऱ्या खात्याने उशिराचा दंड आमच्याच बिलातून कापला. नकाशा कोणत्या तारखेला मिळाला याचा आमच्याकडे एकही कागद नव्हता. त्यांच्या जावक नोंदवहीत मात्र आमच्या समजुतीपेक्षा महिनाभर आधीची तारीख होती. ती नोंद चुकीची होती हे मला आजही ठाऊक आहे, पण ते सिद्ध करण्याचे साधन आम्ही स्वतः निर्माण केले नव्हते.

साइटवरच्या नोंदी

शासकीय कामात अडथळ्यांची नोंदवही, म्हणजेच हिंडरन्स रजिस्टर, ठेवण्याची पद्धत आहे. ती विभागाकडे असते आणि तिच्यावर दोघांच्या सह्या व्हाव्या लागतात. विभागाने ती ठेवली नाही किंवा सहीस टाळाटाळ केली, तर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागील महिन्याच्या अडथळ्यांचा तक्ता पत्रासोबत पाठवावा: अडथळा कोणता, सुरू कधी झाला, संपला कधी, कोणते काम अडले, किती माणसे व यंत्रे रिकामी राहिली. बारा महिन्यांचे बारा तक्ते कोणाचेही उत्तर न येता फायलीत पडून राहिले, तरी नंतर त्यांचे वजन फार असते, कारण त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही हे त्यातून दिसते.

मापन पुस्तिकेतील, म्हणजे एम. बी. मधील नोंद ही जादा कामाच्या दाव्याचा पाया आहे. झाकली जाणारी कामे, जसे खोदकामाची खोली, पायाखालची भराई, सळईची जाळी, यांचे माप झाकण्यापूर्वी संयुक्तपणे घ्यावे. तशी लेखी विनंती करूनही कोणी आले नाही, तर पट्टी लावून, तारखेसह छायाचित्रे काढून, मापे पत्राने कळवून मगच पुढे जावे. स्लॅब पडल्यावर आतली सळई मोजता येत नाही.

आपल्याकडील मराठी सुपरवायझर पुष्कळदा साइटची डायरी मराठीत लिहितो आणि हिंदी कार्यालयात ती चालणार नाही म्हणून मालक ती टाकून देतो. असे करू नये. रोजच्या रोज लिहिलेली, खाडाखोड नसलेली डायरी कोणत्याही भाषेत असली तरी पुरावाच असते. दाखल करताना सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, एवढेच. हवामान, मजुरांची संख्या, आलेला माल, भेट दिलेले अधिकारी आणि बंद पडलेले काम एवढ्या पाच नोंदी रोज झाल्या तरी पुरेसे आहे. मागाहून एका बैठकीत, एकाच पेनाने लिहून काढलेली वर्षभराची डायरी अनुभवी माणूस लगेच ओळखतो आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

व्हॉट्सअॅपवरील आदेश हल्ली सर्वत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ फोन विकू नये, संभाषण पुसू नये, आणि महत्त्वाचा आदेश आला की त्याच दिवशी त्याचा उल्लेख करून ई-मेल किंवा पत्र पाठवावे.

उशीर मोजणे आणि त्याचे पैसे मांडणे

दाव्यातील सर्वांत कच्चा भाग हा असतो. ठेकेदार लिहितो की, काम बारा महिन्यांऐवजी अठरा महिने चालले, म्हणून सहा महिन्यांचा खर्च द्या. परंतु विचारले जाणारे प्रश्न असे असतात: कोणती घटना, तिने कोणते काम अडवले, त्या कामावर पुढचे कोणते काम अवलंबून होते, आणि त्याच काळात ठेकेदाराच्या स्वतःच्या कारणाने काही थांबले होते का.

वरच्याच उदाहरणात नकाशाचा उशीर पाच आठवड्यांचा आहे. पण त्यामुळे पायाचे काम मे महिन्यातून ढकलले जाऊन पावसाळ्यात शिरले आणि काळ्या मातीत ते ऑक्टोबरपर्यंत सुरू करता आले नाही. म्हणजे खरा परिणाम पाच आठवड्यांचा नसून साडेचार महिन्यांचा असू शकतो. हे पटवण्यासाठी मूळ कार्यक्रम, म्हणजे बार चार्ट, दाखवावा लागतो. त्यात पाया ३१ मेपर्यंत संपणार होता हे दिसले पाहिजे. पावसाच्या नोंदी जोडाव्या लागतात. आणि पाण्यात ज्या कामांना अडचण नव्हती ती त्या काळात आपण केली हेही सांगावे लागते. ठेक्याची मुदत ‘पावसाळ्यासह’ धरलेली असेल तर विभाग तोच मुद्दा काढील. त्याला उत्तर असे की, पावसाळा ठेकेदाराने गृहीत धरला होता, पण पाया त्यापूर्वी संपेल या हिशेबाने. म्हणून कामाच्या आरंभीच सादर केलेला बार चार्ट हा माझ्या मते संपूर्ण फायलीतील सर्वांत मौल्यवान कागद आहे. तो केवळ औपचारिकता म्हणून कॉम्प्युटरवाल्याकडून काढून घेऊ नये.

पैशांची मांडणी खर्चाच्या प्रकाराप्रमाणे करावी. साइटवरील स्थिर खर्चात इंजिनिअर, चौकीदार, स्टोअर, वीज, भाड्याची सेंटरिंग असे सर्व येते. समजा तो महिन्याला १,८५,००० रुपये आहे आणि मान्य होण्याजोगा उशीर तीन महिन्यांचा आहे, तर ५,५५,००० रुपये होतात आणि प्रत्येक रुपयामागे पगारपत्रक, बँकेची नोंद किंवा भाडेचिठ्ठी असली पाहिजे. स्वतःच्या मालकीच्या यंत्राला बाजारभावाचे पूर्ण भाडे लावू नये; घसारा, व्याज आणि चालकाचा पगार एवढेच दाखवणे सुरक्षित असते. शिवाय करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान कमी करण्याची साधने हाताशी होती का हे पाहिले जाते. पोकलेन तीन महिने उभा ठेवला आणि तो दुसऱ्या साइटवर नेता आला असता, तर ती रक्कम मिळणार नाही.

मुख्य कार्यालयाचा खर्च व नफा यांसाठी हडसनचे सूत्र वापरतात: या खर्चाची व नफ्याची टक्केवारी गुणिले कराराची रक्कम, भागिले कराराची मुदत, गुणिले उशीर. कराराची रक्कम २ कोटी ४० लाख, मुदत १२ महिने, टक्केवारी १० आणि उशीर ३ महिन्यांचा असेल, तर हा आकडा ६ लाख रुपये येतो. सूत्र सोपे असल्यामुळे ते बेधडक लावले जाते, पण २०२३ साली बाटलीबॉय एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की, याने एकच रक्कम दोनदा वसूल होण्याचा धोका असतो, कारण वाढीव काळात झालेल्या कामाच्या बिलांतूनही कार्यालयीन खर्च व नफा मिळालेला असतो. त्याच वर्षी युनिब्रोसच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, या उशिरामुळे दुसरे काम घेता आले नाही असा नफ्याचा दावा असेल, तर तसे काम उपलब्ध होते याचा पुरावा हवा. त्या काळात ज्या निविदा भरता आल्या नाहीत त्यांच्या जाहिराती आणि तेव्हाची आपली कामांची यादी जपून ठेवावी ती याचसाठी. उरलेले काम विभागाने बेकायदा काढून घेतले असेल, तर गोष्ट वेगळी आहे. गुजरातमधील एका महामार्गाच्या कामावरून निघालेल्या ए. टी. ब्रिज पॉल सिंग प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या कामाच्या किमतीवर १५ टक्के नफा वाजवी मानला होता.

उशीर कोणामुळेही झाला तरी केवळ मुदतवाढ मिळेल, पैसे मिळणार नाहीत, असे कलम अनेक शासकीय करारांत असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या रामनाथ इंटरनॅशनल प्रकरणात अशा कलमाला मान दिला आहे. म्हणून ‘न्याय आपल्या बाजूने आहे’ एवढ्या विश्वासावर दावा न लावता आधी हे कलम आपल्या करारात आहे का ते पाहावे, आणि असेल तर जादा आयटम, दरवाढ व चुकीची कपात या त्याच्याबाहेर पडणाऱ्या मागण्यांवर भर द्यावा.

व्याजाची मागणी लेखी सूचनेत सुरुवातीलाच करावी. करारात व्याजाला मनाई नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्याखाली, देण्याची तारीख कागदावर ठरलेली नसताना, व्याज मागणाऱ्या लेखी सूचनेच्या तारखेपासून ते मिळू शकते.

कपात आणि बँक गॅरंटी

उशिराचा दंड करारात ठरलेला आहे म्हणून तो आपोआप कापता येतो, अशी समजूत आहे. करार कायद्याच्या कलम ७४ खाली ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई, आणि नुकसान झालेच नसेल तर तीही नाही. १९६३ च्या फतेहचंद प्रकरणापासून २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणापर्यंत हा विचार चालत आला आहे. मात्र नुकसान मोजणे मुळातच अवघड असेल आणि ठरवलेली रक्कम प्रामाणिक अंदाजाची असेल, तर ती मान्य होऊ शकते. रस्ते व पुलांच्या कामांत विभाग हेच म्हणतो.

बँक गॅरंटी, म्हणजे ठेकेदारासाठी बँकेने विभागाला दिलेली पैशांची हमी, वटवण्यास न्यायालये सहसा मनाई करीत नाहीत. ढळढळीत फसवणूक किंवा भरून न येणारे नुकसान एवढेच अपवाद आहेत. गॅरंटीचा मजकूर मात्र शब्दशः वाचावा, कारण मागणी कोणी, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या कारणाने करायची हे त्यात लिहिलेले असते व मागणी त्याप्रमाणे नसेल तर आक्षेप घेता येतो.

अंतिम बिलावरची सही

अंतिम बिलाच्या कागदावर ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ असे छापलेले असते आणि त्यावर सही केल्याशिवाय मान्य रक्कमही मिळत नाही. सही करणे भाग पडले तर ‘हरकतीसह स्वीकारले’ असे सहीजवळ लिहावे. तसे लिहू दिले नाही तर त्याच दिवशी स्वतंत्र पत्र पाठवावे की, पैशांच्या निकडीमुळे सही केली आहे व अमुक मागण्या कायम आहेत. बोघारा पॉलिफॅब प्रकरणात २००८ साली आणि आर. एल. कालाथिया विरुद्ध गुजरात शासन या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे की, दबावाखाली किंवा हरकतीसह दिलेल्या अशा प्रमाणपत्राने दावा आपोआप संपत नाही. पण सहा महिन्यांनी आठवलेल्या दबावावर कोणी विश्वास ठेवत नाही. पत्र त्याच दिवसाचे हवे.

कोणता दरवाजा

प्रथम एक भाषेचा खुलासा. मराठीत मध्यस्थी म्हणजे दोघांना समजावून तडजोड घडवणे; हिंदी कायद्यात माध्यस्थम् म्हणजे लवाद. भोपाळचे मध्यप्रदेश माध्यस्थम् अधिकरण तडजोड घडवणारी संस्था नसून बंधनकारक निवाडा देणारे अधिकरण आहे.

समोर राज्य शासन, अथवा शासनाच्या मालकीची किंवा नियंत्रणाखालील कंपनी, महामंडळ वा वैधानिक संस्था असेल आणि ठेका कामाचा असेल, तर करारात लवादाचे कलम असो वा नसो, तंटा या अधिकरणाकडेच जातो व दिवाणी न्यायालयाचा अधिकार संपतो. ग्रामीण रस्ते विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात ८ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा अधिनियम १९९६ च्या लवाद कायद्यापुढेही टिकतो असा निर्णय दिला. संस्था व्याख्येत बसते की नाही याबद्दल शंका असेल तर पहिली नोटीस पाठवण्यापूर्वी वकिलाकडून तपासून घ्यावे. इंदूरमधील रेल्वे, केंद्रीय लोकनिर्माण विभाग किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची कामे मात्र केंद्राची असल्याने त्यांना हा राज्याचा अधिनियम लागत नाही.

अधिकरणाकडे थेट जाता येत नाही. कराराने ज्याला अंतिम प्राधिकारी ठरवले आहे, त्याच्याकडे तंटा आधी लेखी मांडावा लागतो, आणि त्याआधीच्या पायऱ्या करारात असतील तर त्याही त्यातील दिवसांच्या मर्यादेत चढाव्या लागतात. त्याचा निर्णय कळल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा असतो. त्याने सहा महिन्यांत निर्णय दिलाच नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. निर्णयाची वाट पाहत बसले तरी हे वर्ष थांबत नाही. याखेरीज कलम ७-ख मधील २-क या उपकलमाने ठेका संपल्यापासून, रद्द झाल्यापासून किंवा काम चालू असताना तंटा उद्भवल्यापासून तीन वर्षांची बाहेरची मर्यादा घातली आहे. या सर्व तारखा एका कागदावर लिहून त्यांपैकी सर्वांत आधी येणारी तारीख आपली समजावी. स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने कोणतीही मुदत वाढत नाही.

खाजगी मालक, बिल्डर किंवा कारखाना समोर असेल तर १९९६ चा कायदा किंवा वाणिज्य न्यायालय हे मार्ग आहेत. लवादाचे कलम असेल तर १९९६ च्या कायद्याच्या कलम २१ ची नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असे मानतात, आणि तीन वर्षांची मुदत त्या दिवसापर्यंत मोजतात. वकिलाची साधी मागणीची नोटीस त्यासाठी पुरत नाही, तीत तंटा लवादाकडे सोपवत असल्याचे स्पष्ट हवे. मालकाचा संचालक स्वतः लवाद होऊ शकत नाही आणि एकट्याने लवाद नेमूही शकत नाही, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निर्णयाने ठरले आहे. करार मुद्रांकावर केलेला नसेल तरी घाबरू नये. ती उणीव भरून काढता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे. लवादाचे कलम नसेल आणि मागणी किमान ३ लाखांची असेल, तर दावा वाणिज्य न्यायालयात जातो, आणि तातडीच्या मनाई हुकुमाची गरज नसेल तर त्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. उद्यम नोंदणी असलेले ठेकेदार सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याखाली, अशा उद्योगांची थकलेली येणी ठरवणाऱ्या सुकरता परिषदेकडे जाण्याचा विचार करतात. कामाच्या ठेक्याला तो लागू होतो का यावर उच्च न्यायालयांत एकमत नसल्याने, केवळ त्या मार्गावर मुदत घालवू नये.

भोपाळच्या अधिकरणाचा निवाडा विरुद्ध गेला तर अधिनियमाच्या कलम १९ खाली उच्च न्यायालयात पुनरीक्षण (फेरतपासणी) अर्ज करता येतो आणि इंदूरच्या ठेकेदाराला त्यासाठी इंदूर खंडपीठ जवळ आहे. त्याची मुदत तीन महिन्यांची आहे. म्हणून निवाड्याच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केल्याची आणि ती हाती आल्याची, अशा दोन्ही तारखा प्रतीच्या पहिल्या पानावर त्याच क्षणी लिहून वकिलाला त्याच दिवशी कळवाव्यात.